‘लाव’ म्हणालो तेव्हा

कित्येक वर्षं आमच्या घरातले दिवे मीच लावत होतो. बायको घरात नसायची असं नाही, ती असायचीच. तिन्हीसांजेला मी बाहेरून आलो की अंगणात चपला काढतानाच घर काळं दिसायचं, आणि आत पाऊल टाकलं की ती मधल्या खोलीत खाटेच्या कडेवर बसलेली असायची. बुद्धमूर्तीपुढे एक मेणबत्ती जळत असायची, तेवढाच काय तो उजेड. बटण तिच्या हातापासून फार लांब नव्हतं, पण तो हात उचलला जात नसे. मी बटण दाबायचो, ट्यूब फडफडून लागायची, आणि मग मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळून ती विचारायची, "आले?" रोज विचारायची. आलो म्हणून तर दिसून राह्यलो, असं सुरुवातीला मी चिडून म्हणायचो. पुढे पुढे ते सोडलं. "हव, आलो," म्हणायचं आणि हातपाय धुवायला जायचं.

घरात मिक्सर होता, पण चटणी पाट्यावर वाटली जायची. मोटर होती, पण मी नसलो की पाणी हातपंपावरून यायचं. मे महिन्यात आमच्या आंजीत टिनाखाली माणूस पापडासारखा भाजतो, तरी मी कामावर गेलो की कूलर बंद, पंखा बंद, आणि ही डोक्यावर ओला दुपट्टा घेऊन बसलेली. शेजारीण एकदा म्हणाली, "बिल वाचवून सोनं करून राह्यली का व?" सगळ्या हसल्या, हीसुद्धा हसली. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, असं मी लोकांना सांगत असे. ते काही नीट बसत नव्हतं, कारण पोळलं होतं माझं तोंड. शॉक मला बसला होता.

तो कसा बसला हे सांगायचं तर मागच्या खोलीपासून सुरुवात करावी लागेल.

मी जन्मभर कारकून. सकाळी एसटीनं वर्ध्याला जायचं, संध्याकाळी परत यायचं, मधल्या वेळात लोकांचे अर्ज इकडून तिकडे सरकवायचे. पण जीव होता तो विजेच्या सामानात. शाळेत असताना एका बंद पडलेल्या रेडिओचा मागचा पुठ्ठा काढून आत पाहिलं आणि तिथंच फसलो. तूर-चण्याची पोती ठेवायला म्हणून बांधलेली मागची खोली लग्नाआधीच मी बळकावली होती. पोती तिथं कधी आलीच नाहीत. आले ते लोकांचे टेप, टीव्ही, भोंगे, वायरींची भेंडोळी, आणि कथिलाचा तो वास, जो मला अत्तरासारखा वाटायचा आणि घरातल्या बाकी सगळ्यांचं डोकं उठवायचा. बिघडलेल्या वस्तूला आमच्यात 'मेला' म्हणतात. स्पीकर मेला, ट्रान्सफॉर्मर मेला. ही रोहण्याहून लग्न होऊन आली तेव्हा ते ऐकून दचकायची. "दिवेलागणीच्या टायमाले मेला मेला काय करता?" म्हणायची. मी म्हणायचो, "मेलं ते जितं करून राह्यलो, तुले काय तरास हाय?"

खोलीला 'सवत' हे नाव तिनंच दिलं. "सवतीकडं चहा पाठवू का इकडं येता?" असं ती पाहुण्यांदेखत विचारायची आणि मला ते आवडायचंही. बायको रागावते म्हणजे आपल्या छंदात काहीतरी दम आहे, असा माझा समज. रागावून ती काही गप्प बसणारी नव्हती. लग्नं, बारशी, वावरातली कामं, पोरीचा अभ्यास, यांतल्या प्रत्येक गोष्टीत मी अर्धा आणि ती दीड, हे ती स्वच्छ बोलून दाखवायची. मी ऐकून घ्यायचो. मग खोलीत जायचो.

तरीही आमचा मेळ बसला, असं मी छातीठोक सांगत असे, आणि तो बसला होता दोन शब्दांवर. घराचा मेन स्विच मधल्या बोळात, परसदाराच्या चौकटीला लागून. माझी खोली बोळाच्या टोकाला. जोडकाम करायचं तर मेन पाडावा लागतो, तपासायचं तर पुन्हा चढवावा लागतो, आणि दर वेळी उठून जायचं म्हणजे हातातली वायर सुटते. म्हणून मी आतून हाक द्यायचो, "काढ!" ती खटका खाली ओढायची. मी म्हणायचो, "लाव वं!" ती वर करायची. हाताला कणीक असली तर कोपरानं करायची. पहिल्या वर्षी "कायले?" असं विचारायची, मग विचारणं बंद झालं. माझ्या आवाजावरून तिला नेमकं कळायचं. नवराबायकोचा ताळमेळ म्हणतात तो हाच, असं मला वाटायचं.

मराठीत या 'लाव' नं किती कामं अंगावर घेतली आहेत, याचा मी तोवर कधी विचारच केला नव्हता. दिवा लावतात म्हणजे चालू करतात आणि दार लावतात म्हणजे बंद करतात. शब्द तोच, आणि काम पार उलटं. इतिहासात एका अक्षरानं घात केल्याची गोष्ट आपण शाळेत ऐकतो, 'ध' चा 'मा' झाला म्हणतो. आमच्या घरी तर अक्षरसुद्धा बदलावं लागलं नाही.

ते असे दिवस होते. बुद्धपौर्णिमा तोंडावर आलेली आणि विहारातलं अँप्लिफायर मेलेलं. ते माझ्या टेबलावर उघडं पडलं होतं. त्यात खोलीतल्या बोर्डाचं सॉकेट जळालेलं, म्हणून आधी मेन पाडून मी बोर्ड खोलून बसलो होतो. सकाळी आमचं भांडण झालं होतं. रोहण्याला हिच्या भाचीचं लग्न होतं आणि मी येत नाही म्हणालो होतो. दुपारी एकाएकी वावधन सुटलं, आमच्याकडे उन्हाळ्यात सुटतं तसं, धुळीचं. परसदार धाडधाड आपटायला लागलं, बोळातून धूळ थेट माझ्या खोलीत, आणि ती बसणार उघड्या अँप्लिफायरवर. माझ्या दोन्ही हातांत उघड्या तारा. बोळात बांगड्या वाजल्या, म्हणजे ती तिथंच होती. मी ओरडलो, "लाव वं!"

मेन लागला.

पुढचं मला आठवत नाही. लोक सांगतात ते एवढंच, की मी भिंतीशी पडलेला होतो आणि ही मला ओढत अंगणात घेऊन आली. आवाज ऐकताक्षणी खटका तिनंच खाली ओढला होता. तिनं ओढला नसता तर आज हे लिहायला मी नसतो. ते मात्र तिनं कधी हिशेबात धरलं नाही.

वर्ध्याच्या दवाखान्यात मला नीट बोलता यायला लागलं तेव्हा तिनं पहिल्यांदा एकच विचारलं. "तुमी लावच म्हनलं होतं नं?"

"हव."

"मेनच?"

मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. केस विस्कटलेले, डोळे कोरडे ठणठणीत. दार म्हणालो होतो असं सांगितलं असतं तर त्या बाईला ते जन्मभर खात राहिलं असतं. म्हणून मी म्हणालो, "हव, मेनच. तुही काई चूक नाई. हात तारेत हाय हे मीच इसरलो." खाटेच्या दांडीवरचा आपला हात तिनं हळूच काढून घेतला आणि पदराखाली ठेवला. मला वाटलं, सुटली बिचारी.

उजव्या हाताची दोन बोटं ताठली ती ताठलीच. पेन धरता येतं, बारीक काम होत नाही. घरी आलो आणि पहिल्याच संध्याकाळी घरात अंधार होता. चार दिवसांत जाईल भीती, असं मी म्हणालो. भीती गेली नाही. हळूहळू माझ्या लक्षात आलं की 'लाव' हा शब्दच घरातून गेलाय. ती दार लोटायला सांगायची. कुकर चढवायची, मेणबत्ती पेटवायची, टिकली चिकटवायची. परसात लिंबाचं रोप आणलं तेही तिनं 'रोवलं'. नागपूरला दिलेली पोरगी फोनवर सांगत होती, पोरानं मांजरीला फार जीव लावलाय, तर 'लावते' म्हणायचं टाळून ही म्हणाली, "टाकते लेकरू जीव." पोरीला वाटलं, आईला नीट ऐकू येत नाही.

आणि ती माझ्या मागं राहायला लागली. वावरातल्या विहिरीवर गेलो की कडब्याचं काहीतरी निमित्त काढून ही मागं. फवारणीचं औषध कायम कोठीत असायचं, ते उचलून तिनं रोहण्याला भावाकडे नेऊन ठेवलं. वास येतो म्हणाली. औषधाचा वास मला कधी आला नव्हता, पण मी वाद घातला नाही. रविवारी दुपारी मी आडवा झालो की घर इतकं शांत व्हायचं की माझाच श्वास मला मोठ्यानं ऐकू यायचा, आणि डोळे न उघडताही कळायचं की ती दाराशी उभी राहून तोच ऐकतेय.

एका दुपारी मनगटाला काहीतरी गार टोचलं म्हणून जाग आली. ती माझ्यावर वाकली होती. हातात माझा टेस्टर होता. त्याचं टोक माझ्या मनगटावर, तिचं बोट वरच्या टोपीवर, अगदी मी शिकवलं होतं तसं, आणि डोळे त्या इवल्याशा दिव्यावर खिळलेले. दिवा लागलेला नव्हता. तो लागणार तरी कसा? पण ती पाहतच राहिली. मला विचारायला हवं होतं. मी डोळे मिटून घेतले आणि झोपेचं सोंग केलं, कारण मला भीती वाटली. खरं सांगतो, माझ्या स्वतःच्या बायकोची भीती वाटली. आपण त्या दिवशी मेलोच असू आणि फक्त हिला ते कळलेलं असेल, असं काहीतरी वेड्यासारखं मनात आलं आणि संध्याकाळपर्यंत गेलं नाही.

तेव्हापासून घर मला वेगळं वाटायला लागलं. बाहेरून आलो की अंगणात थोडा थबकायचो. आत आपली कुणी वाट पाहतंय असं वाटायचं नाही, आपण आलो की नाही याची कुणी खात्री करून घेणार आहे असं वाटायचं. "आले?" ला "हव, आलो" म्हणताना कधी कधी माझाच आवाज कापायचा. मागची खोली तर पार गप्प झाली होती. पूर्वी दाराबाहेरून जाताना कुठल्यातरी मशीनची घूं घूं कानावर यायची. आता तिथून जाताना मी पाऊल उचलून टाकायचो.

मागच्या वर्षी मी निवृत्त झालो आणि दिवसभर घरी बसायला लागलो, तेव्हा हे सगळं अंगावर आलं. तिच्या मनावर ओझं आहे ते त्या खोलीचं, असा मी निष्कर्ष काढला. माझ्या ताठ बोटांना ती खोली तशीही कामाची नव्हती. सवतच घराबाहेर काढली तर हिचं घर हिला परत मिळेल, हिचा हात मोकळा होईल, असं मी ठरवलं. तिला सांगितलं नाही. म्हटलं, बघून खूश होईल. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते माझ्यासाठीच असावं. विचारायचं माणूस घरात बसलेलं, आणि मी भंगारवाल्याशी बोलून आलो.

तो सकाळी तीनचाकी घेऊन आला. ही अंगणात सुपात तूर पाखडत होती. भंगारवाल्यानं दोन खेपा टाकल्या, तिनं मान वर केली नाही. तिसऱ्या खेपेला तो मोठा ट्रान्सफॉर्मर पोटाशी धरून निघाला आणि मग तिला समजलं. सूप पडलं, तूर अंगणभर झाली. ती धावत आली आणि तिनं तो ट्रान्सफॉर्मर दोन्ही हातांनी धरला.

"ठेव! ठेव खाली! काई नेऊ नोको इथलं!"

"अवो बाई, यायनंच बलावलं मले," भंगारवाला म्हणाला.

"कोनी बी बलावू दे. ठेव म्हनलं नं!"

तिचा अवतार पाहून तो दोन्ही खेपांचं सामानही उतरवून निघून गेला. ती माझ्याकडे वळली. इतकं रागावलेलं तिला मी कधी पाहिलं नव्हतं, आणि इतकं घाबरलेलंही नाही.

"काऊन ठरवलं पुन्हा?" ती म्हणाली.

"काय ठरवलं?"

"मले कायले इचारता? तुमीच म्हनलं होतं. मी मेलो का मंग देऊन टाकजो सारं भंगारवाल्याले. त्या दिवशी सकाळी म्हनलं होतं, रोहन्याच्या लग्नावरून. आन दुपारी तारेत हात घालून म्हनलं, लाव."

मी असं म्हणालो होतो? मला आठवत नव्हतं. आठवेलही कसं? आमच्याकडचे पुरुष रागाच्या भरात तोंडानं रोजच मरतात. बाया ऐकून सोडून देतात, असं आम्ही समजतो.

"अवं, मी दवाखान्यातच सांगतलं नं तुले, हात तारेत हाय हे इसरलो म्हनून."

"तुमी इसरनारे मानूस?" ती ओरडली. "टेस्टर टेकवल्याबिगर तारेले शिवत नाई तुमी. पोरीले लहानपनी शिकवलं, मले शिकवलं. आन तुमीच इसरले! मले तवाच समजलं. तुमाले जायचं होतं. आन माह्या हातानं जायचं होतं."

भंगारवाल्यानं उतरवून ठेवलेल्या सामानाकडे मी पाहिलं.

"मंग मी ठरवलं, या घरात माह्या हातानं काईच चालू व्हनार नाई. कोनतं बटन कुठं जोडून ठेवलं असंन तुमी, मले काय मालूम? मी पंखा म्हनून दाबीन आन तुमी तिकडं पडसान. झोपले का टेस्टर टेकवून पाहात होती मी, अंगाले कुठं तार जोडून घेतली का म्हनून. मेनबत्ती बरी. मेनबत्तीनं कोनी मरत नाई."

अंगणात तूर पसरली होती आणि चिमण्या यायला लागल्या होत्या. ती त्यांना हाकलत नव्हती. मी तिच्याजवळ गेलो. माझा ताठ बोटांचा हात तिच्या खांद्यावर ठेवला.

"दार वं," मी म्हणालो. "मी दार लाव म्हनलं होतं. वावधन सुटलं होतं, सारी धूळ आत येऊन राह्यली होती. परसदार लाव म्हनलं. मरायचं बिरायचं काई नव्हतं माह्या मनात."

"मंग दवाखान्यात काऊन मेन म्हनलं?"

"तुले लागून राहीन म्हनून. चूक तुह्यावर येऊ नये म्हनून."

तिनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. पटलं की नाही ते मला समजेना.

"दार," ती शेवटी म्हणाली. आवाज अगदी खाली आला होता. "दार तर माह्या हाताशीच होतं. आपटून राह्यलं होतं. पन दाराचं माह्या मनातच नाई आलं. कसं येईन? त्या खोलीतून तुमी मले घरासाठी कधी हाक मारली जी? पोरीले ताप असो का मले असो, हाक आली ते मशीनसाठीच."

मग ती खाली बसली आणि एकेक दाणा वेचायला लागली. मी समोर बसलो. ताठ बोटांनी तुरीचा दाणा उचलता येत नाही, तो निसटतो. मी डाव्या हातानं वेचत राहिलो आणि तिच्याकडे पाहायचं टाळत राहिलो.

इतकी वर्षं एक बाई माझ्या घरात माझ्या मरणावर पहारा देत बसली होती. मी मरू इच्छितो असं समजून माझा सैपाक करत होती, कपडे धूत होती, मी कुठं गेलो की माझ्या मागं येत होती, मी झोपलो की माझा श्वास ऐकत होती, आणि तिला कुणाला सांगायची सोय नव्हती. आणि मी रोज त्या अंधारातून आत आलो, तिच्या हातचं पोटभर जेवलो, आणि पाठ टेकताना मनाशी म्हणालो, बरं झालं आपण तेव्हा खोटं बोललो, हिच्यावरचं ओझं गेलं.